ओतीव ॲल्युमिनियमच्या इंजिन-कव्हरांना घरच्या घरी झिलई

गोव्यात मोटारसायकल वापरणाऱ्या प्रत्येकाच्या हे पाहण्यात आलेले असते. चवथीच्या सुमारास पावसाचा जोर ओसरतो, गाडी स्वच्छ धुऊन उन्हात लावली जाते आणि इंजिनाच्या बाजूच्या कव्हरांवर जिथे जिथे रंगाचा टवका उडालेला असतो, तिथे त्याच्या कडेने पांढरट भुकटी धरलेली दिसते. नख लावले की शेजारचा वरवर चांगला दिसणारा रंगही पापुद्र्याने सुटून येतो आणि खाली काळपट, खड्डे पडलेला धातू उघडा पडतो. बहुतेक जण अशा वेळी सिल्व्हर रंगाचा स्प्रेचा डबा आणतात, वरूनच एक हात मारतात, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तोच प्रकार पुन्हा समोर येतो. रंग पूर्ण उतरवून मूळ धातूलाच झिलई देण्याचा मार्ग मला यापेक्षा कितीतरी समाधानाचा वाटतो. त्यात मेहनत पुष्कळ आहे, पण घरी करता येण्याजोगी आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहीत आहे.

आधी हे नुकसान का होते ते पाहू. ॲल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो आणि हा थरच धातूचे रक्षण करतो. मिठातील क्लोराइड मात्र या थराला ठिकठिकाणी भेदते. समुद्राकडून येणारी खारी हवा, फेरीबोटीवर उडणारे तुषार आणि सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पाडणारे चार महिने एकत्र आले की क्लोराइडला लागणारा ओलावा आयताच मिळतो. रंग शाबूत आहे तोवर धातू सुरक्षित असतो. एकदा दगड लागून टवका उडाला की खारे पाणी रंगाच्या कडेखाली शिरते, तिथे अडकून राहते आणि धातू आतल्या आत खात पुढे सरकते. पारदर्शक लॅकरखाली तर वाळवीच्या वाटांसारख्या नागमोडी रेषा पसरत गेलेल्या स्पष्ट दिसतात.

पणजीत पायलटांच्या, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सी चालवणाऱ्यांच्या, गाड्या उभ्या असतात त्या ठिकाणी जरा थांबून इंजिनांकडे निरखून पाहावे. दिवसभर बूट घासून कव्हराच्या ज्या भागावरचा रंग पूर्ण गेलेला असतो, तो भाग पावसाळ्यातही उजळ राहिलेला आढळतो, कारण तिथे ओलावा धरून ठेवायला काही उरलेलेच नसते आणि रोजच्या घर्षणाने धातू साफ होत राहतो. भुकटी धरते ती त्या उजळ भागाच्या आणि उरलेल्या रंगाच्या सीमेवर. या निरीक्षणावरून माझे मत पक्के झाले आहे की आमच्या हवेत अर्धवट टिकलेला रंग ही सर्वांत वाईट अवस्था होय. एक तर धातू खरवडून, प्रायमर देऊन नीट नवा रंग द्यावा, नाही तर संपूर्ण धातू उघडा करून त्यावर नियमित हात फिरवत राहावे. ज्याला दर पंधरा-वीस दिवसांनी गाडीसाठी थोडा वेळ काढणे शक्य नाही, त्याने पहिला मार्गच धरावा, त्यात कमीपणा काही नाही.

झिलईचा मार्ग धरला तरी इंजिनाचा प्रत्येक भाग चमकवायचा नसतो. सिलिंडरच्या आणि हेडच्या पंखांना हात लावू नये. तिथला काळा, निस्तेज रंग उष्णता बाहेर टाकायला मदत करतो. झिलई केलेला ॲल्युमिनियम उष्णतेचे उत्सर्जन काळ्या रंगाच्या मानाने फारच कमी करतो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात मुख्य काम वाऱ्याचे असते हे खरे, तरीही असलेली मदत आपल्या हाताने काढून घेण्यात अर्थ नाही. शिवाय त्या पंखांच्या फटींत घासकागद (सँडपेपर) घालून घासणे म्हणजे बोटांवर अन्यायच. क्लच कव्हर, मॅग्नेटो कव्हर, स्प्रॉकेटवरचे कव्हर, एवढेच भाग निवडावेत. डोळ्यांना दिसतात तेही हेच.

माझी गाडी यामाहा आरएक्स १०० आहे. हे मॉडेल भारतात १९८५ ते १९९६ या काळात तयार झाले, म्हणजे रस्त्यावर दिसणारी प्रत्येक आरएक्स १०० आता पंचविशी ओलांडलेली आहे आणि तिच्या कव्हरांवर मालकांच्या आवडीनिवडींचे थर चढलेले असतात. माझ्या कव्हरांवर वर काळा, त्याखाली जाड सिल्व्हर आणि तळाशी मूळचा पातळ रंग होता. अशी कव्हरे दाबाने ओतलेली असतात. वितळलेला धातू पोलादी साच्यात क्षणार्धात मोठ्या दाबाने भरला जातो. त्यामुळे बाहेरची साल घट्ट असते आणि तिच्या आत अडकलेल्या हवेची बारीक छिद्रे राहतात. घरी काम करणाऱ्याने ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. खोल ओरखडा घालवण्याच्या नादात साल ओलांडली की टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके वर येतात, ते कितीही घासले तरी जात नाहीत, उलट आणखी नवे उघडतात. एखादा खोल घाव तसाच ठेवावा लागला तरी चालेल, त्याच्या कडा मऊ केल्या की तो नजरेत भरत नाही.

कव्हर इंजिनावर असतानाच घासायला सुरुवात करणे मला अजिबात पसंत नाही. कागदाची भुकटी आणि धातूचा चुरा सीलमधून आत गेला तर नुकसान चकाकीच्या किमतीहून मोठे असते. ऑइल काढावे, कव्हर उतरवावे, उघड्या राहिलेल्या इंजिनावर स्वच्छ कापड आणि प्लास्टिक बांधावे. जुन्या जपानी गाड्यांच्या कव्हरांचे स्क्रू साध्या चौफुली स्क्रू-ड्रायव्हरने फिरवले की टोक घसरून खाचा झिजतात, म्हणून हातोडीचा ठोका घेऊन फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा. आरएक्समध्ये टू-टी ऑइलचा, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर जळणाऱ्या ऑइलचा, पंप असल्यामुळे त्याची केबल आणि नळ्याही सोडवाव्या लागतात. नळ्यांची तोंडे लगेच बंद करावीत. किकच्या दांड्याभोवतीचे ऑइल सील काढून टाकावे, कारण रंग काढण्याचे रसायन रबराला सोडत नाही. पॅकिंग जिथे बसते ती सपाट कड मात्र पवित्र मानावी. तिथे कागद लावायचा नाही, बफ (झिलई देणारी फिरती कापडी चाकी) लावायचा नाही. जुने पॅकिंग रसायनाने मऊ करून प्लास्टिकच्या पट्टीने काढावे. त्या कडेवर एक आडवा चर पडला तरी तेथून ऑइल झिरपत राहते.

रंग काढण्यापूर्वी तेलकटपणा काढावा लागतो. आधी रॉकेल किंवा डिझेल आणि जुना टूथब्रश, मग भांडी घासण्याचा पातळ साबण आणि भरपूर पाणी. डिचोलीकडच्या खाणपट्ट्यातल्या गाड्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यांत खनिजाची तांबडी धूळ तेलात मुरून दगडासारखी बसलेली असते. ती लाकडी काडीने टोकरून काढावी, कारण तिचा एखादा कण पुढे कागदाखाली आला तर केलेल्या कामावर रेघ ओढतो.

त्यानंतर रंगाच्या दुकानात मिळणारे जेलसारखे पेंट रिमूव्हर ब्रशने जाड थरात लावावे. एकाच दिशेने लावावे, पुन्हा पुन्हा ब्रश फिरवू नये आणि वर प्लास्टिकचा कागद झाकावा म्हणजे ते वाळत नाही. थोड्याच वेळात काळा रंग फुगू लागतो, त्यावर सुरकुत्या उठतात, मग एका बाजूने उचलून तो अखंड पापुद्र्याने निघतो. खालचा मूळ रंग इतका सहज सोडत नाही, त्यावर दुसरा हात द्यावा लागतो. हे काम अंगणातच करावे, बंद खोलीत नाही. डायक्लोरोमिथेन असलेली रिमूव्हर नेहमीच्या नायट्राइल हातमोज्यांतून फार लवकर आरपार जातात, म्हणून डब्यावरचे घटक वाचून त्या रसायनाला टिकणारे हातमोजे घ्यावेत आणि डोळ्यांवर चष्मा ठेवावा. खरवडण्यासाठी लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी घ्यावी. लोखंडी तारेचा ब्रश टाळावाच, त्याचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि ओलाव्यात तिथूनच नवीन खड्डे सुरू होतात.

एक सूचना ठामपणे करतो. रंग उतरवायला कास्टिक सोडा वापरू नये. लोखंडी गजांवरचा रंग त्याने उतरतो म्हणून काही जण तोच सल्ला देतात, पण कास्टिक सोडा ॲल्युमिनियमलाच खातो. धातू विरघळतो, हायड्रोजन वायू फसफसून निघतो, द्रावण तापते आणि उरतो तो काळा पडलेला, खरखरीत पृष्ठभाग. मोरीचे तुंबलेले पाइप मोकळे करणाऱ्या पावडरीतही हाच सोडा असतो. वाळू मारून घेण्याचा (सँडब्लास्टिंगचा) मार्गही झिलईसाठी उपयोगाचा नाही. त्याने पृष्ठभागावर सर्वत्र बारीक खड्डे पडतात, ते सगळे पुन्हा घासून सपाट करावे लागतात आणि ऑइलच्या वाटांत राहिलेला एक दाणा बेअरिंगला पुरे होतो.

उघडा झालेला धातू पाहून पहिल्यांदा निराशा वाटते. तो करडा, डागाळलेला आणि ओतकामाच्या वाहत्या खुणांनी भरलेला असतो. इथून पुढचा टप्पा म्हणजे कागद, आणि सगळे काम या टप्प्यावर अवलंबून आहे. गॅरेजमध्ये ज्याला वॉटर पेपर म्हणतात तो काळा कागद घ्यावा आणि पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून ओलाच वापरावा. कोरडा कागद ॲल्युमिनियमच्या चुऱ्याने लगेच भरतो आणि त्याच गोळ्या उलट ओरखडे काढतात. कागदाचा आकडा जितका मोठा तितका त्याचा कण बारीक. पृष्ठभाग बरा असेल तर ३२० ने सुरुवात करावी, बुटाचे घाव आणि खड्डे असतील तर २४० ने. पुढे ४००, ६००, ८००, १०००, १५०० आणि २००० असा क्रम ठेवावा. कागद घेताना पाठीवर आकड्याआधी ‘पी’ छापलेला आहे का ते पाहावे. निरनिराळ्या मोजपद्धतींत तोच आकडा वेगळ्या जाडीचा कण दाखवतो, म्हणून सगळे कागद एकाच पद्धतीचे असावेत. पी ४०० चा कण सरासरी ३५ मायक्रॉनचा असतो, पी १००० चा सुमारे १८ आणि पी २००० चा सुमारे १०. म्हणजे प्रत्येक कागदाचे काम एवढेच की आधीच्या कागदाने पाडलेल्या चरांच्या तळापर्यंत पोचायचे आणि त्यांच्या जागी आपले उथळ चर ठेवायचे.

हे पोचलो की नाही ते कळण्यासाठी प्रत्येक कागदाची दिशा बदलावी. ३२० उभा चालवला असेल तर ४०० आडवा चालवावा आणि एकही उभी रेघ दिसेनाशी होईपर्यंत पुढे जाऊ नये. कव्हर धुऊन, पुसून, सकाळच्या तिरप्या उन्हात धरले की राहिलेल्या रेषा उठून दिसतात. ट्यूबलाइटखाली त्या लपतात. कागद बदलताना पाणीही बदलावे, तेच पाणी ठेवले तर जाड कण पुढच्या कामात येतात. सपाट भागावर कागद रबराच्या ठोकळ्याभोवती गुंडाळावा, नुसत्या बोटांनी दाबले तर बोटांखाली लांबट खोलगट पट्टे पडतात. ते घासताना कळत नाहीत, झिलई चढल्यावर मात्र प्रतिबिंब लहरी होते. गोलाव्यावर ठोकळ्याऐवजी जुन्या चपलेच्या रबराचा मऊ तुकडा चांगला बसतो. कंपनीच्या नावाच्या उठावदार अक्षरांभोवती आइस्क्रीमच्या काडीला कागद लावून काम करावे, आणि अक्षरांच्या कडा गोल होऊ देऊ नयेत. त्या तीक्ष्ण राहिल्या तर संपूर्ण कव्हराला नेटकेपणा येतो.

फोंड्यातील एका जुन्या मेस्त्रींना मी विचारले होते की ६०० वरून थेट बफवर गेले तर काय बिघडते. ते म्हणाले, “भाऊ, बफ ओरखडे काढत नाही, ओरखड्यांनाच चमक देतो. मग ते रस्त्यापलीकडून दिसतात.” यापेक्षा नेमके उत्तर मला कुठे वाचायला मिळाले नाही. मोठ्या यंत्रावर जाड साबण (चाकीला लावायची झिलईची वडी) आणि सिसलच्या ताठ धाग्यांची चाकी असेल तर कारागीर ४०० वरूनही बफवर जातात, त्यांच्या हातात ते कौशल्य असते. घरच्या लहान यंत्रावर १००० पर्यंत जाणे गरजेचे आहे आणि फक्त हाताने झिलई देणार असाल तर २००० ला पर्याय नाही.

बफिंगसाठी सहा इंची चाकीचे बेंच यंत्र पुरते. २८०० फेऱ्यांना तिचा परीघ सेकंदाला सुमारे २२ मीटर वेगाने फिरतो, आणि एवढ्या वेगावर कव्हराची उघडी कड चाकीत अडकली तर कव्हर हातातून हिसकावून जमिनीवर आपटले जाते. म्हणून कव्हर नेहमी चाकीच्या मध्यरेषेच्या खाली धरावे आणि कड कधीही फिरत्या चाकीच्या दिशेला तोंड करून ठेवू नये. चाकी कडेवरून बाहेर निसटली पाहिजे. सैल बाह्या, गळ्यातली साखळी, लोकरी मोजे यांना इथे जागा नाही. आधी शिवलेल्या कापडी चाकीवर तपकिरी साबण आणि नंतर मोकळ्या, मऊ चाकीवर पांढरा साबण वापरावा. दोन्ही साबणांसाठी चाकी वेगळी हवी. साबण चाकीला क्षणभरच टेकवायचा, जास्त लावला की कव्हरावर काळे मेणचट पट्टे बसतात. पहिल्या फेरीत कव्हर चाकीच्या फिरण्याविरुद्ध ओढावे, म्हणजे कापले जाते. शेवटच्या फेरीत हलक्या हाताने फिरण्याच्या दिशेने न्यावे, म्हणजे रंग खुलतो. कव्हर हातात धरवेनासे झाले की थांबून ते थंड होऊ द्यावे. अँगल ग्राइंडर या कामाला घेऊ नये, त्याच्या मिनिटाला दहा-अकरा हजार फेऱ्या कापडी चाकीला झेपत नाहीत.

धुळीविषयी कुणी फारसे बोलत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. ॲल्युमिनियमची बारीक धूळ ज्वालाग्राही असते. ज्या ग्राइंडरवर लोखंड घासले जाते त्याच्याच आडोशाला ॲल्युमिनियमची धूळ साचू दिली तर लोखंडाचा गंज आणि ॲल्युमिनियम यांचे मिश्रण तयार होते. रेल्वेचे रूळ जोडताना याच दोन पदार्थांच्या जळण्यातून वितळलेले लोखंड मिळवतात. त्या ढिगावर ठिणगी पडू नये. यंत्र वेगळे ठेवावे, निदान प्रत्येक कामानंतर पूर्ण साफ करावे, आणि नाकावर चांगला मास्क बांधावा. ओल्या कागदाने काम करण्याचा हाही एक फायदा आहे की धूळ हवेत उडत नाही.

यंत्र नसेल तर २००० च्या कागदानंतर ऑटोसॉलसारखे ट्यूबमधले मेटल पॉलिश सुती कापडावर घेऊन हातानेच घासावे. कापड काळे होते, ते वर येणाऱ्या धातूमुळे. घाबरण्याचे कारण नाही. काळे पुसून पुन्हा लावत राहिले की कव्हरात आधी खिडकीची चौकट, मग माडाच्या झावळ्या आणि शेवटी झावळीची एकेक पात सुटी दिसू लागते. बफची खोल चकाकी हाताला येत नाही, पण हाताची झिलई मऊ आणि एकसारखी असते, आणि जुन्या गाडीला ती शोभते असे माझे मत आहे.

आमच्या घरी समया चिंचेने आणि सोलांनी घासतात, त्यामुळे आईने सहज सुचवले, “त्या कव्हरालाही थोडे आगळ लावून बघ.” तिच्या म्हणण्यात तथ्य होते. आंबट पदार्थ शिजवले की ॲल्युमिनियमचे काळे पडलेले पातेले आतून उजळते, कारण आम्लाने वरचा डागाळलेला थर विरघळतो. पण आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, मीठ असते, आणि ज्या क्लोराइडपासून कव्हर वाचवायचे तेच आपण चोळल्यासारखे होते. समईला ते ठीक आहे, इंजिनाला नाही.

झिलई झाल्यावर कव्हर कोमट साबणपाण्याने आतून बाहेरून धुवावे, ऑइलच्या प्रत्येक वाटेतून पाणी आणि मग हवा सोडावी आणि पूर्ण वाळवावे. पुढचा प्रश्न संरक्षणाचा. अनेकांना वाटते की वरून पारदर्शक लॅकर मारला की काम कायमचे झाले. गुळगुळीत झिलईवर लॅकर नीट पकड घेत नाही, आणि एका दगडाच्या आघातानंतर सुरुवातीला सांगितलेल्या त्या नागमोडी रेषा पुन्हा सुरू होतात, या वेळी सगळ्या कष्टावर. ॲनोडायझिंगही, म्हणजे विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा जाड थर चढवणे, या कव्हरांना मानवत नाही, कारण ओतकामाच्या मिश्रधातूत सिलिकॉन बरेच असते, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, आणि त्यामुळे पृष्ठभाग करडा, निस्तेज होतो. उरते ते मेण. कार्नौबा वॅक्सचा पातळ हात, वाळल्यावर मऊ कापडाने पुसून काढलेला. तापणाऱ्या कव्हरावर तो फार दिवस टिकत नाही, म्हणून पंधरवड्याला पुन्हा लावावा, पावसाळ्यात आठवड्याला. किनाऱ्यावरून किंवा फेरीबोटीतून आल्यावर गोड्या पाण्याने कव्हर धुवावे. तांबडी धूळ कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये, आधी पाण्याने वाहू द्यावी. सर्व्हिसिंगला गाडी दिली तर फोम वॉश नको असे सांगावे. काही फोम इतके अल्कधर्मी असतात की एका धुण्यात झिलईवर दुधाळ छटा येते.

कव्हर परत बसवताना नवे पॅकिंग आणि नवे ऑइल सील घालावे, स्क्रूंच्या आट्यांना किंचित ग्रीस लावावे. स्टेनलेसचे नवे स्क्रू आणले असतील तर ग्रीस अधिकच आवश्यक, कारण स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात एकत्र आले की आटे धरून बसतात. स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे करत आवळावेत. टू-टी ऑइलच्या पंपाची नळी जोडल्यावर तिच्यातली हवा पूर्ण काढावी, नळीत एकही बुडबुडा दिसता कामा नये, कारण तेवढ्या वेळात सिलिंडरला ऑइल मिळाले नाही तर पिस्टन जाम होतो. पहिली टाकी संपेपर्यंत पेट्रोलमध्ये थोडे टू-टी मिसळून ठेवले तर आणखी बरे.